सातवं तिकीट

सिनेमाची सहा तिकिटं आठवडाभर आधीच काढलेली होती. सातवं, दशरथचं, मागाहून निघालं. म्हणून बाकी सगळे एका ओळीत आणि दशरथ तीन ओळी पुढे, भिंतीलगतच्या टोकाला.

"काका, तिथून पडदा झकास दिसेल," निमेश म्हणाला.

निमेश वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर दशरथला निदान कुणाला तरी मनातल्या मनात शिव्या घालता आल्या असत्या.

निमेश म्हणजे सून विनिताचा दुसरा नवरा. दशरथचा सुशांत गेला आणि दोन वर्षांनी विनिताने पुन्हा लग्न केलं. "कर गो, उभा आयुष्य पडलाहा," असं दशरथनेच तिला सांगितलं होतं. चांगलं बोलून गेलं की नंतर रडायचीही सोय राहत नाही. नात श्रुतिका आईबरोबर मुलुंडला गेली, आणि दिंडोशीच्या खोलीत दशरथ एकटा उरला. मुलुंडच्या घरात निमेशच्या पहिल्या लग्नाचा अनय होता, पाच वर्षांचा. निमेशचे वडील रामनाथ होते, आणि विनिताचे वडील अनंत दर सुट्टीला यायचे. पोरांना आजोबा झाले तीन. त्यातल्या दोघांत काम भागत होतं.

गावाहून धाकट्या भावाचा निरोप यायचा, खोली बंद कर आणि कायमचा ये. दशरथने ठरवलं होतं, नाताळच्या सुट्टीत एकदा पोरीला बघायचं. ती आपली उरली असेल तर मुंबई, नसेल तर गाव.

आल्या आल्याच त्याने तिला खूण केली होती. दोन्ही करंगळ्या एकमेकींत अडकवायच्या आणि झटक्यात सोडवायच्या. धागा तुटला, इकडे ये. गिरणीच्या साचेखात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात तोंडाने बोलून उपयोग नसे. माणसं हातांनी बोलत आणि ओठ वाचत. त्या खडखडाटाने दशरथचे कान नेले आणि ही विद्या मागे ठेवली. त्याने ती सुशांतला शिकवली, मग श्रुतिकाला. चार वर्षांची असताना चड्डीची नाडी सुटली तरी ती करंगळ्या सोडवायची. मग दशरथने चिमूट दाखवायची: धरला, येतंय.

आज मात्र तिने इकडेतिकडे पाहिलं. शेजारी, त्याच सिनेमाला आलेल्या, तिच्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या. तिने हात जाकिटाच्या खिशात घातले. अकरा वर्षांची पोर ती, लाजली असेल. दशरथनेही आपले हात खाली घेतले.

सिनेमा इंग्रजी होता आणि विनोदी होता. दोन मोडलेल्या संसारांची पोरं एका घरात आणि नाताळाला त्यांच्याकडे येऊन टपकलेले आजोबा, एवढं चित्रांवरून कळलं. एक आजोबा बर्फात उताणा पडला आणि सगळं थिएटर हसलं. दशरथही हसला, जरा उशिरा. इंग्रजी ओठ त्याला वाचता येत नव्हते. मग त्याने पडद्याकडे पाठ करून आपल्या माणसांकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्यांचे चेहरे लख्ख दिसत होते, आणि ते ओठ मराठी होते.

श्रुतिका रामनाथच्या खांद्यावर रेलून म्हणाली, "आजोबा, बघा ना!"

विनिता निमेशला म्हणाली, "बाबांना काही कळत नसेल रे. उगाच दमवलं त्यांना."

ती मायेनेच म्हणाली होती. पण ऐकू न येणाऱ्या माणसाला तेवढंच नेमकं कळावं, हे त्याचं नशीब.

मध्यंतरात सगळे पॉपकॉर्नच्या रांगेत लागले. दशरथ खांबाजवळ उभा राहिला. बोलावलं असतं तर तो गेला असता. पण गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. आपल्यामुळे कुणाचं काही अडत नाही, हे त्याने स्वतःला दोनदा समजावलं, आणि मग काही न सांगता तो सरकत्या जिन्याकडे निघाला. गावी जायचं. भावाला आजच कळवून टाकू. या जिन्याची त्याला भीती वाटायची, तरी त्याने पाय टाकला.

खाली मॉलमधल्या मोठ्या झाडाभोवती गाणी वाजत होती, पोरं किंचाळत होती. सारं साचेखातंच जणू. अर्ध्यावर आल्यावर सवयीने, शेवटचं म्हणून, त्याने वर पाहिलं.

काचेच्या कठड्याला नाक लावून अनय उभा होता. लाल तोंडाने ओरडत होता, पण ऐकू कोणाला येणार! मग श्रुतिका धावत आली, गुडघ्यांवर बसली, त्याच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा तिने काढून घेतला आणि त्याच्या चिकट करंगळ्या नीट अडकवून दिल्या. अनयने त्या झटक्यात सोडवल्या. पुन्हा अडकवल्या, पुन्हा सोडवल्या. त्याला ते बरोबर येत होतं. एका दिवसात येत नाही ते. सुशांतला आठवडा लागला होता.

म्हणजे तिकडे मुलुंडच्या घरात ही पोरगी कधीपासून त्याला शिकवत होती.

मग श्रुतिका उभी राहिली. वर्गातल्या त्या दोघी तिच्या मागेच होत्या. तिने त्यांच्या देखत दोन्ही हात डोक्यावर नेले आणि करंगळ्या सोडवल्या.

जिना दशरथला खाली नेतच होता. त्याने डोळे पुसले नाहीत, कारण चिमूट दाखवायला हात वर धरलेला होता.

"इलंय गो," तो मोठ्याने म्हणाला, आणि खाली उतरल्याबरोबर वर जाणाऱ्या जिन्याकडे वळला.