झऱ्यापासून चाळीस पावलं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या काउंटीनं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारनं, हमरस्त्यावर, पेट्रोल पंपाशेजारी इतिहासाची लोखंडी पाटी रोवली. ओझेलाबाईंना आधी आनंदच झाला. मग त्यांनी चष्मा लावून ती वाचली. गुलामीतून सुटलेल्यांनी आपला पहिला प्रार्थनेचा मांडव इथं घातला, असं तिच्यावर होतं. इथं? इथं तर त्यांच्या लहानपणी टरबुजांचा मळा होता. फांद्यांचा तो मांडव मैलभर आत होता, पाइनच्या रानात, झऱ्याजवळ. आजोबांनीच तो उभारला होता.

दहा दिवसांनी चर्चचा माहेरपणाचा रविवार होता. डेट्रॉइट, शिकागोकडे गेलेली लेकरंबाळं येणार आणि टरबुजाच्या मळ्यापुढं माथा टेकणार. तो मांडव डोळ्यांनी पाहिलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या, आणि वय ब्याऐंशी.

पाट्यांच्या समितीचे टार्पली मास्तर माणूस भला, पण नियमाचा. कागद तरी दाखवा, नाहीतर जमिनीवरची खूण तरी, म्हणाले.

"ज्यांना अक्षर शिकवणं गुन्हा होता, त्यांच्याकडं कागद मागता होय, मास्तर?"

मास्तर लाजले. गुरुवारी सकाळी वही घेऊन रानात आले.

सोबत ओझेलाबाईंचा धाकटा भाऊ अमोस होता. चर्चचा डीकन, म्हणजे सेवेकरी, एकेकाळचा खड्या आवाजाचा. पण बायको लव्हिनिया गेल्यापासून तीन वर्षं चर्चमध्ये त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

आजोबा दर माहेरपणाला एकच प्रवचन गात, आणि त्यात मांडवाची वाट होती. झऱ्याशी उभ्या राहून ओझेलाबाईंनी ते धरलं:

"पाणी प्यालो झऱ्याचं, उगवतीला पाठ केली..."

आणि अडल्या. पुन्हा धरलं, पुन्हा तिथंच अडल्या. गायलेलं प्रवचन एकट्याचं नसतंच. सांगणाऱ्यानं ओळ टाकायची, ऐकणाऱ्यांनी झेलायची, तेव्हा कुठं पुढची ओळ ओठांवर येते. मास्तरांनी वही मिटली.

"अमोस, उत्तर दे रे मला."

"घसा गेलाय, ताई."

"घसा कोण मागतंय? नुसतं होय म्हण."

अमोसनं टोपी काढली.

"होय, प्रभू," गंजलेलं दार उघडावं तसा आवाज आला.

"चाळीस पावलं चाललो, बेडी नाही पायात!"

"होय, प्रभू!"

"चार दगड मांडले, चार खांब रोवले!"

गातगातच त्या चालू लागल्या. आजोबांचा घामेजलेला कोट, आईच्या मांडीवरची ऊब, हातपंख्यांची सळसळ, सगळं पावलागणिक परत येत होतं. चाळिसाव्या पावलाला अमोसनं काठीनं पाइनचा पाचोळा सारला. सपाट दगड निघाला. मग दुसरा, तिसरा. चौथा मास्तरांनी गुडघे टेकून स्वतःच्या हातांनी उकरला.

"पाटी रविवारच्या आत इथं हलवतो," हात झटकत ते म्हणाले, "पण बाई, या कच्च्या रस्त्यानं कुणी जात नाही. वाचणार कोण?"

"ज्यांची आहे ते येतील की."

आले. रविवारी धुळीनं माखलेल्या गाड्यांची रांग झऱ्यापर्यंत लागली. पाटीपाशी ओझेलाबाईंनी आजोबांचं प्रवचन धरलं. झेलायला सगळा गाव होता, पण अमोसचा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता. ओळ संपली तरी तो थांबेना, तेव्हा पुढची ओळ ओठांत धरून ओझेलाबाई त्याच्यासाठी थांबून राहिल्या.