वरची चाल

जयप्रकाश नाबर गेले त्याला वर्ष होत आलं, तेव्हा वाशीतल्या कलामंडळाने त्यांच्या नावाने दोन दिवसांचा स्मृती महोत्सव ठरवला. साल शहाऐंशी. मंडळाचे लोक घरी आले आणि नाबरांच्या पत्नी सरोजिनीबाईंना म्हणाले, की सरांनी रचलेलं ते चार वाद्यांचं वाजवाल का? बाईंनी लगेच हो म्हटलं. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे विचार करायला वेळ मागून घेण्यासारखंही काही नव्हतं.

दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. सोसायटीतले लोक त्यांना थट्टेने 'नाबरांची चौकडी' म्हणत. चौघंही सिनेमाच्या रेकॉर्डिंगला साथीला बसणारी. रविवारी बाकीचे दोघे, दुसऱ्या व्हायोलिनवरचा अरविंद आणि चेलोवरचा नंदकिशोर, मुंबईहून खाडीपूल ओलांडून वाशीला येत आणि दुपारभर वाजवत. जयप्रकाश पहिल्या व्हायोलिनवर. सरोजिनीबाईंचा व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली, जाड आवाजाची बहीण. चाल नवऱ्याची, आणि तिच्याखालचा भराव बायकोचा. दहा वर्षं हे असंच चाललं आणि बाईंना त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

आता जयप्रकाशच्या जागी स्मिता आली होती. तेवीस-चोवीस वर्षांची, हात चांगला, पण रचना नवी आणि अवघड. नेहमीच्या रागदारीत न बसणारी, मध्येच ताल मोडणारी. स्मिता कागदावरची नजर हलवू शकत नव्हती. खरं तर अरविंद आणि नंदकिशोरही कागद बघूनच वाजवत. बाईंना मात्र ती पाठ होती. वर्षभर संध्याकाळी दार लावून त्या आपला तेवढाच भाग वाजवत बसत. वरची चाल जयप्रकाश वाजवतोय असं मनाशी धरलं, की तास दोन तास जात.

महोत्सव मैदानावर होता. मंचाच्या कडेला जयप्रकाशचा हार घातलेला फोटो. समोर सोसायट्यांतली कुटुंबं आणि मागे गावातल्या बायका. चौकडीनंतर सिनेमाच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होता. बहुतेक लोक त्यासाठीच आले होते, हे बाईंना ठाऊक होतं.

पहिला भाग ठीक गेला. दुसरा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच वीज गेली. अंधार पडत आलेलाच होता. आधी स्मिता थांबली, पाठोपाठ चेलो, मग अरविंद.

बाई थांबल्या नाहीत. थांबायचं त्यांच्या मनातच आलं नाही. माईक बंद होता, तरी लोक हळूहळू गप्प झाले. व्हायोला एकटाच वाजत राहिला: दोन सूर, थोडा विराम, पुन्हा तेच दोन सूर, मग एक लांब खालचा स्वर. बाई वाट बघत होत्या. घरी येते तशी वरची चाल आता येईल. ती आली नाही. त्यांनी डोळे मिटले, तरी नाही. ऐकू येत होता तो फक्त आपलाच गज, आणि मध्ये होती ती जयप्रकाशसाठी सोडलेली रिकामी जागा. तो आता वाजवणार नाही, हे वर्षभरात समजलं नव्हतं, ते त्या वेळी समजलं. तरी भाग संपेपर्यंत त्यांनी गज उचलला नाही.

वीज आली तेव्हा टाळ्या पडल्या. स्मिताचे डोळे भरले होते. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा सुरू करू म्हटलं. पण संयोजकांनी अगदी नम्रपणे सांगितलं, की ऑर्केस्ट्रावाले खोळंबलेत.

मंचामागे वाद्य पेटीत ठेवत असताना वाशीतल्याच जुहूगावची कोळीण पुतळा जवळ आली. बाई तिच्याकडून मासळी घेत.

"बाय, तू एकलीच कशी वाजवत व्हतीस?"

"बाकीच्यांना कागद दिसत नव्हते."

"नि फोटूतला मानूस कोन?"

"माझे यजमान. मुख्य चाल ते वाजवायचे."

"मंग आता ती कोन वाजवनार?"

बाईंनी स्मिताकडे बोट दाखवलं. "ही मुलगी."

बाकीची तिघं मुंबईची बस पकडायला निघाली, बाई सोडायला गेल्या. स्टॉपवर स्मिता म्हणाली, "रविवारी येऊ का? मला पाठ करायचंय."

"ये. जेवायलाच ये."

बस गेली. घर पाच मिनिटांवर होतं, पण बाईंचे पाय तिकडे वळेनात. पेटी हातात घेऊन त्या मैदानावर परतल्या आणि अगदी शेवटच्या रांगेत एका खुर्चीवर बसल्या. ऑर्केस्ट्रा रंगात आला होता. शेजारच्या माणसाने त्यांना ओळखलं नाही. पेटी जरा आत घ्या म्हणाला, पोरांना जायला वाट हवी होती. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.