पांढरा थोडा कमी कर

अण्णांची थोरली लेक स्टुलावर चढली, छताच्या हुकाला बांधलेली तार तिने सैल केली आणि काचेच्या टाकीवरचा दिवा वीतभर वर ओढला.

"अजून," अण्णा खुर्चीतून म्हणाले.

"अजून ओढला तर छताला टेकेल."

"टेकू दे. छत काही तक्रार करणार नाही." नाकातली नळी सारखी करून त्यांनी एक श्वास जमवला आणि उरलेलं बोलणं त्यातच भागवलं. "मऊ प्रवाळ आहेत ते, भाजतील. पांढरा थोडा कमी कर."

दिव्याला दोन बटणं होती, एक पांढऱ्याचं, एक निळ्याचं. तिने पांढऱ्याचं शेवटपर्यंत मागे फिरवलं. भिंती, चादर, तिचे हात, सगळं निळ्यात बुडालं.

दिव्यांच्या बाबतीत अण्णांशी घरात कुणी वाद घालत नसे. उभी हयात त्यांनी नाटकांच्या दिव्यांमागे काढली होती. 'आयुष्यात काय दिवे लावलेत?' असं कुणी खोचून विचारलं, तर ते शांतपणे 'मोजून घ्या' म्हणायचे.

टाकी आणायची कल्पना मात्र थोरलीची. दवाखान्यातून परत आल्यावर अण्णा खोलीतच अडकले होते. फुप्फुसं दारापर्यंतही साथ देत नव्हती. दवाखान्यात त्यांच्या घशात नळी घातली होती आणि त्यांनी ती ओढून काढू नये म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधले होते. घरी आल्यावर ते एकच वाक्य बोलले, "पुन्हा तिथे नको." आजारी माणसापुढे मान डोलवतात तशी तिने डोलवली होती. मग दिवसभर भिंतीकडे तरी किती बघायचं, म्हणून ती माशांच्या दुकानात गेली. दुकानाच्या मालकीणबाईंनी मासे नव्हे, मऊ प्रवाळ सुचवले. "नव्या माणसाला हेच झेपतात. फार प्रखर उजेड नको त्यांना. सुरुवातीला कमी ठेवा, मग बेताबेताने वाढवत न्या."

अण्णांनी बेताबेताने कमी करत नेला. उन्हाने शेवाळ धरतं म्हणून आधी खिडकीचा पडदा लागला. मग खोलीतली ट्यूब गेली, काचेत तिचं प्रतिबिंब पडतं म्हणून. उरला टाकीचा दिवा, तोही वर वर गेला.

डॉक्टरांनी थोरलीला बजावलं होतं, की बोटाला लावायच्या यंत्रावर विसंबू नका, यांच्या गार बोटांवर ते धड आकडा दाखवत नाही. ओठ बघा, नखं बघा. निळसर दिसली की वाट बघत बसू नका. म्हणून कामावर जाताना आणि आल्यावर ती वाकून त्यांच्या तोंडाकडे बघायची.

"कसं वाटतंय?"

"मजेत. तू जा, उशीर होईल तुला."

प्रवाळ मात्र मजेत नव्हते. त्यातला एक आधी दिवसभर चिमुकल्या मुठी उघडायचा, मिटायचा. अण्णा तासन्‌तास ते बघत. त्या मुठी थांबल्या. छत्रीसारख्या प्रवाळाचा दांडा काडीसारखा लांबला. आपलंच काही चुकलं असेल, असं वाटून थोरलीने दोनदा पाणी बदललं आणि शेवटी एका सुट्टीच्या दुपारी मालकीणबाईंना घरी बोलावलं.

"कशाला त्यांना त्रास?" अण्णा म्हणाले. पण त्या तोवर चपला काढून आतही आल्या होत्या.

त्यांनी पाणी तपासलं. "पाणी चोख आहे हो." मग मान वर करून दिव्याकडे बघितलं. "हा एवढा वर कुणी टांगला? आणि पांढरा पार बंद?"

"अण्णा म्हणाले, भाजतील."

"एकदम वाढवला तर भाजतात, खरंय. पण इथे उपाशी मरतायत, ताई. बघा ना, उजेडासाठी माना कशा ताणल्यात."

"बाई," अण्णांचा आवाज चढला आणि मध्येच तुटला, "उजेडातलं मला शिकवू नका."

"शिकवत कुठे आहे, अण्णा? नुसता रंग बघते त्यांचा. दोन मिनिटं." आणि त्यांनी पांढऱ्याचं बटण पुढे फिरवलं.

खोली पांढरी झाली. मालकीणबाई टाकीत वाकून काहीतरी तपकिरी पडल्याचं सांगत होत्या. थोरलीचं तिकडे लक्ष नव्हतं. अण्णांचे ओठ पाटीच्या रंगाचे होते. त्यांनी हात घाईने पांघरुणाखाली ओढून घेतले, पण नखंही तिला दिसली. ते तिच्याकडे बघत होते, चुकीच्या प्रवेशाला दिवा टाकणाऱ्या मदतनिसाकडे बघावं तसे.

मालकीणबाई मागे वळल्या आणि बोलता बोलता थांबल्या. "मी... नंतर येते, ताई." चपला पायात अडकवून त्या निघून गेल्या.

थोरलीने फोन उचलला होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"आणि मला कळणार नाही असं वाटलं तुम्हाला?"

"निळ्यात कुणाचंच कळत नाही, पोरी. झोपलेला माणूस आणि मेलेला माणूस, दोन्ही मी एकाच निळ्यात दाखवलेत." ते दम खात राहिले. "तुला दिसलं असतं तर तू नेलं असतंस. नेलं नसतंस, तर जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. म्हणून म्हटलं, दिसायलाच नको."

तिच्या हातातल्या फोनचा पडदा मंद झाला आणि विझला.

"कर आता कमी," अण्णा म्हणाले.

ती टाकीपाशी गेली. बटणावर बोटं ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग बटण तसंच सोडून खिडकीकडे गेली आणि तिने पडदा बाजूला सारला. दुपारचं ऊन अण्णांच्या गुडघ्यांवर पडलं.

"शेवाळ धरेल."

"धरू दे."

ती स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीला लागून बसली. पांघरुणाखालचा हात तिने बाहेर काढला आणि आपल्या हातात धरला.

"डॉक्टरांना इथेच बोलावते. न्यायचं नाही, हे मीच सांगते त्यांना. पण मला बघू द्या, अण्णा."

"बघवेल?"

"नाही."

अण्णांनी मान मागे टेकली आणि उन्हात डोळे मिटले. हनुवटीखाली, गळ्याच्या घडीत, दाढीचे पांढरे खुंट राहून गेले होते. रोज त्यांची दाढी तीच करायची. त्या निळ्या अंधारात तेवढे सुटत आले होते. तिने डॉक्टरांना फोन लावला, हळू आवाजात बोलली. मग गरम पाणी आणि दाढीचं सामान आणायला उठली.