जीपची घुंगरमाळ

वैशाखऱ्याहून मुरबाडच्या शाळेला जाणारी पोरं कमळूच्या जीपमध्ये बसली की जरा वेळ चिडीचूप व्हायची. तशी ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पण गाडी गाव सोडून सडकेला लागली की कमळू मागे न बघता विचारायचा, "बोला रे, आज गाडी काय म्हणते?" आणि ज्याच्या कानाला आधी काही लागेल तो त्या दिवसाचा शहाणा.

हा खेळ कमळूनेच काढला होता. ब्रेक दाबल्यावर लोखंड घासल्यासारखी किंचाळी आली, तर आतलं लायनर झिजलं. स्टिअरिंग फिरवलं आणि चाक रेंगाळून वळलं, तर सांधे ढिले झाले. घूं घूं आवाज वेगाबरोबर वाढत गेला आणि गिअर काढला तरी थांबला नाही, तर तो इंजिनाचा नव्हे, चाकाच्या बेरिंगचा. आणि उजव्या वळणावर तो आवाज वाढला, तर बेरिंग डावीकडचं. कारण तेव्हा गाडीचा सगळा भार डाव्या चाकावर पडतो.

"गाडी एकदम नाय मोडत रे," तो म्हणायचा. "आधी सांगते. आपुन ऐकायचं."

पोरांच्या आया याच कमळूवर विसंबून होत्या. मुरबाडच्या स्टँडवर दुसऱ्या जीपा कमी नव्हत्या, पण पोरं बसायची ती कमळूच्याच गाडीत.

सगळ्यांत तिखट कान नम्रताचे. ती सहावीत होती. मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून पुढे डाव्या दाराशी तिची जागा ठरलेली. एकदा इंजिनाचा पट्टा सैल झाल्याचं तिने कमळूच्याही आधी ओळखलं होतं. त्या दिवशी स्टँडवर त्याने दामू ड्रायव्हरला कौतुकाने सांगितलं, "आमची पोर फिटरचे कान घेऊन आलीय!"

पौषात म्हशाची जत्रा भरली. कमळूच्या घरची रीत अशी की जत्रेतून बैलांना नवी घुंगरमाळ आणायची. बाप गेला, बैलही गेले, पण माळ येत राहिली. आता ती जीपच्या पुढच्या गार्डला बांधली जायची. त्या वर्षीही बांधली, नारळ वाढवला, आणि जीप छुमछुम करत शाळेच्या वाटेला लागली.

दुसऱ्याच सकाळी नम्रताने मान तिरकी केली. "मामा, घूं घूं वाजतंय."

कमळूने आदल्या संध्याकाळीच ते ऐकलं होतं. पण जत्रेचे दिवस, सकाळ-संध्याकाळ गाडी माणसांनी भरून वाहत होती. चाक खोलायचं म्हणजे गाडी उभी करायची, आणि स्टँडवरचा आपला नंबर दुसऱ्याला द्यायचा. जत्रा उरकली की बघू, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"घुंगरं वाजतात गो," तो म्हणाला.

"घुंगरं नाय. उजवीकडं वळलो का वाढतंय. डावं चाक."

त्यानेच शिकवलेलं ते, शब्द न् शब्द. मागून सगळी पोरं कान टवकारून बसली होती. कमळूचा चेहरा तापला.

"कानात मळ झालाय तुझ्या," तो हसत म्हणाला. "आईला सांग, तेल घाल म्हणावं."

पोरं खो खो हसली. "बहिरी गो बहिरी!" दहावीतला रघू ओरडला, आणि शाळा येईपर्यंत तेच चाललं. नम्रता बाहेर बघत राहिली.

त्या दिवशी कमळूने म्हशाहून दुसरी घुंगरमाळ आणली. पहिलीपेक्षा मोठी, पितळेची. बायको, देवकी, म्हणाली, "आवं, एका गाडीला दोन माळा कशाला?" तो गार्डला गाठी मारत राहिला. दुसऱ्या दिवशी जीप अशी खणखणत निघाली, की आतलं बोलणंही ऐकू येईना. त्याने पोरांना काही विचारलं नाही, आणि कोणी काही सांगितलंही नाही.

जत्रा संपायच्या आत, टोकावड्याच्या पुढे एका उजव्या वळणावर डावं चाक थरथरलं, लटपटलं, आणि कुणी स्टिअरिंग हातातून ओढून न्यावं तशी गाडी सडक सोडून खाली उतरली. भाताची कापणी कधीच झालेली, कोरडं शेत. बांधाला नाक लावून जीप थांबली. रघूचं कोपर खरचटलं, डबे सांडले, एवढ्यावर निभावलं. चाकातून धूर निघत होता. जळक्या ग्रीसचा वास सगळ्यांच्या नाकात गेला.

"मामा, काय झालं?" मागून मीना रडवेल्या आवाजात म्हणाली.

"दगड आला चाकाखाली," कमळू म्हणाला. तोंडातून ते कसं गेलं, ते त्यालाही कळलं नाही.

नम्रता चाकाजवळ उभी होती. तिने धुराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

संध्याकाळी गावात एकच बोलणं. दगडावरून उडालेली गाडी कमळूने कशी सावरली, पोरं कशी वाचवली. नम्रताची आई अनिता त्याच्या दारात आली. तिने त्याला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. "कमळूदादा, तुमी होतात म्हणून हो. दुसरा असता तर..." कमळूने नारळ घेतला. घ्यायला नको होता, हे हात पुढे करतानाच त्याला कळत होतं.

नवं बेरिंग आणायला तो मुरबाडला गेला नाही. तिथे सगळे ओळखीचे. तो शहापूरला गेला. दुकानदाराने जुनं बेरिंग उलटंपालटं करून पाहिलं. आतले रोलर उष्णतेने निळेकाळे पडले होते.

"एका दिसात नाय व्हत असं. लय दिवस वाजत असंल."

"नाय कळलं," कमळू म्हणाला, आणि जुनं बेरिंग फडक्यात गुंडाळून खिशात कोंबलं.

गाडी दुरुस्त झाली. पोरं पुन्हा बसली. नम्रता आपल्या जागेवर. चाक आता गुळगुळीत फिरत होतं, आणि सगळं पूर्वीसारखं झाल्यासारखं वाटून कमळूने विचारलं, "बोला रे, आज गाडी काय म्हणते?"

मागून कोणी काही, कोणी काही सांगितलं. नम्रता गप्पच.

"तुला काय ऐकू येतं गो?"

ती समोरच्या काचेतून बघत म्हणाली, "घुंगरं वाजतात."

कमळूने आणखी थोडी गाडी नेली. मग बाजूला घेतली आणि वळवली.

"मामा, शाळा!" पोरं ओरडली. तो थांबला नाही. गावात पोरांना सोडायला आलेल्या बाया अजून बोरिंगवर पाणी भरत होत्या. गाडी परत आलेली पाहून अनिता हंडा ठेवून धावली. "काय झालं?"

कमळू खाली उतरला. त्याने खिशातलं बेरिंग काढलं आणि फडकं उलगडलं.

"दगड नव्हता," तो म्हणाला. सगळ्या बाया ऐकत होत्या, आणि मान वर करणं त्याला जमेना. "हे झिजलं होतं. मला ठाऊक होतं. नम्रतानं सांगितलं, डावं चाक. बराबर सांगितलं. मी तिला बहिरी ठरवलं. आवाज दाबायला दुसरी माळ बांधली."

बोरिंगचा दांडा थांबला.

"पोरं भरलेली गाडी," अनिता हळू म्हणाली. "आन मी तुमाला कुंकू लावलं."

गाडीत काचेपाशी ठेवलेला तिचाच नारळ त्याने काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. नम्रताचा हात धरून तिला खाली उतरवलं. "चल, एसटी येल आता."

बाकीची पोरंही एकेक करून उतरली. कमळूने दोन्ही माळा सोडल्या. गाठी लवकर सुटेनात, आणि लोक बघत होते.

काही दिवस तो जीप रिकामी नेत राहिला. एसटीत मात्र दप्तरांसकट चढायला जागा मिळेना, तेव्हा हळूहळू पोरं परत आली. कोणी जुनं काढलं नाही. कमळूने तो खेळही काढला नाही. कोणत्या तोंडाने काढणार? पुढची डावी जागा रिकामीच राहिली. तिथे त्याने दुसऱ्या कुणाला बसवलं नाही.

होळीच्या आसपास एका सकाळी अनिता नम्रताला घेऊन थांब्यावर उभी होती. ती कमळूकडे न बघता दार उघडून म्हणाली, "एसटीत मळमळतं तिला," आणि वळून चालू लागली.

टोकावडं मागे पडल्यावर नम्रता म्हणाली, "मामा, मागं काय तरी खडखडतंय."

कमळूने लगेच गाडी बाजूला घेतली. खाली उतरून चारही चाकं हलवून पाहिली, वाकून मागच्या स्प्रिंगचे पाटे पाहिले. मग मागचं दार उघडलं. सीटखाली मीनाचा डबा लवंडला होता, आत चमचा.

"डबा गो बहिरी, डबा!" रघू हसला.

"गप रे," कमळू म्हणाला. त्याच्या आवाजाने रघू खरंच गप्प झाला.

तो पुढे येऊन बसला. नम्रताने ओशाळून मान खाली घातली होती. "डबाच होता," ती पुटपुटली.

"व्हय. पण वाजत होता," कमळू म्हणाला. "पुढं काय वाजलं, तर पुन्हा सांग. गाडी उभी करीन मी."

त्याने चावी फिरवली. उजवं वळण आलं, तेव्हा नम्रताने मान किंचित तिरकी केलेली त्याला दिसली. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि गाडी सावकाश वळवली.