दिशाबाईंचा सवाल

गौरी-गणपती पोचवून झाले की लांज्याजवळच्या त्या गावात खालची वाडी आणि वरची वाडी देवळासमोर एकमेकांना भिडतात. भांडायला नाही हो, गाण्यात. शक्ती-तुऱ्याचा नाच म्हणजे तोच; वरची वाडी शक्तीची, खालची तुऱ्याची. एका पक्षाचा शाहीर गाण्यातून कोडं घालतो, दुसऱ्या पक्षाच्या शाहिराने तिथल्या तिथे गाण्यातूनच ते सोडवायचं. सोडवलं तर जिंकला, नाही तर वर्षभर पाणवठ्यापासून एसटीच्या थांब्यापर्यंत टोमणे खायचे.

खालच्या वाडीचा तुरा इतकी वर्षं आप्पांनी राखला. यंदा आप्पांचा आवाज बसला तो बसलाच. वाडीतले बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, तेव्हा आप्पांची लेक दिशा उभी राहिली आणि म्हणाली, "मी म्हनते." दिशा गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवते. बाईने शाहिरी करायची म्हटल्यावर मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी मोठ्या मनाचा आव आणून त्यांनी ठरवलं, की यंदा म्हणू दे, पण हरली तर पुढच्या वर्षीपासून फेटा परत बाप्यांच्या डोक्यावर. दिशाने ते कबूल केलं.

समोर वरच्या वाडीचा शाहीर भागोजी. गडी मुंबईत नोकरीला, पण गणपतीला सुट्टी मिळाली नाही तर नोकरी सोडीन म्हणणारा. पुराणं तोंडपाठ. पांडवांच्या घोड्यांची नावं विचारा, त्यांच्या मोतद्दारांचीही सांगेल. पुराणात त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही हे दिशाला ठाऊक होतं. म्हणून दुपारी सवाल-जवाबाची बारी रंगात आली, ढोलकीवर तिच्या भावाचा, निलेशचा हात गरम झाला, तशी ती पुढे झाली आणि खणखणीत आवाजात तिने सवाल टाकला.

"दाता नांदे घरोघरी, टोपात नि पातेल्यात,
घेता दिसेना डोळ्यांना, फिरे सगळ्यांच्या श्वासात.
दात्यापाशी दानं तीन, घेत्यापाशी जागा दोन,
उरू नये दान, जागा रिती, जमवायचे किती कोण?
जमल्यावर त्या मेळ्याला हाक मारायची कशी?
सांग शाहिरा भर बारीत, नाहीतर खाली घे मिशी!"

खालच्या वाडीच्या बायकांनी अशी काही आरोळी ठोकली की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. भागोजीने मिशीवरून हात फिरवला आणि ऐटीत गायला, दाता म्हणजे दानशूर कर्ण. वरच्या वाडीने टाळ्या पिटल्या.

"कर्ण टोपात बसतो काय रं?" खालच्या वाडीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

मग भागोजीने द्रौपदीची थाळी आणली, तिच्यात कृष्णाला बसवलं, वायुदेवाला बोलावलं. पण तीन दानं आणि दोन जागा काही केल्या जुळेनात. घामाघूम होऊन तो पंचांकडे वळला.

"ह्यो सवाल पुराणातला नाय. शाळंतला हाय. धरायचा नाय."

पंच म्हातारे, पण पक्के. "पुरानात नसंल, पन टोपात हाय म्हनते ना ती? टोप तुज्या घरी नाय काय? सवाल धरला. वाडीतल्या कुनालाबी इचार, पन उत्तर दे."

दिशाचं काळीज सुपाएवढं झालं. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं होतं, आणि ते तसंच राहावं म्हणून तिने काहीही दिलं असतं.

तेवढ्यात वरच्या वाडीच्या बायकांमधून एक पोरगी उठली. भागोजीची मुलगी, सानिका. नववीत, दिशाच्याच वर्गात.

दिशाला आधी हसूच आलं. सानिका हुशार होती, पण या एका गोष्टीपुढे तिची गाडी अडून बसायची. ॲल्युमिनियमच्या अणूला तीन इलेक्ट्रॉन द्यायचे असतात, ऑक्सिजनला दोन घ्यायचे असतात. सूत्र लिहिताना तीनचा आकडा ऑक्सिजनखाली जातो, दोनचा ॲल्युमिनियमखाली. सानिका मात्र दर वेळी तीन ॲल्युमिनियमलाच ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "बाई, ज्याचं त्याच्याकडंच नको र्‍हायला?" वाटण्यांवरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडणाऱ्या गावातली पोर, दुसरं काय म्हणणार! सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दिशाने तिच्यापुढे काजूबिया ओतल्या होत्या. फळ्यावरचं विसर म्हणाली, हातांनी वाटून बघ, एकही बी उरता कामा नये. पोरगी खाली मान घालून बिया वाटत बसली होती. घंटा झाली तशी गेली. कळलं की नाही, ते बोललीच नव्हती.

आता ती बापाच्या कानाला लागली होती. कुजबुजता कुजबुजता तिने हाताची दोन बोटं वर केली, मग तीन. दिशाने ते पाहिलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आधी दोन. मग तीन.

भागोजीने मुलीकडे आ वासून पाहिलं, डफावर थाप मारली आणि गाऊ लागला. दोन दाते, तीन घेते. दोघांची मिळून दानं सहा, तिघांच्या मिळून जागा सहा. उरलं कुणाचं नाही, उणं कुणाला नाही. देणाऱ्याचं नाव पुढे, ते तसंच राहिलं. घेणाऱ्याचं मागे, त्याची शेपटी बदलली. मेळ्याचं नाव ॲल्युमिनियम ऑक्साइड! ते नाव चालीत बसवताना गड्याची जीभ तीनदा अडखळली, पण बसवलंच त्याने.

आणि तिथेच तो थांबला. कारण शेवटच्या चरणात गुरूचं नाव घेतल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही, आणि हे ज्ञान काही भागोजीच्या गुरूचं नव्हतं. जे ज्याच्याकडून मिळालं त्याचंच नाव घ्यायचं, नाहीतर ती चोरी, असा त्या नाचाचा कायदा. त्याने मुलीला विचारलं, "गुरू कोन गो तुजा?"

सानिकाने समोर, थेट विरुद्ध पक्षाकडे बोट केलं.

भागोजीने एकदा मुलीकडे, एकदा दिशाकडे पाहिलं. मग डफ कपाळाला लावून, डोळे मिटून, वरच्या वाडीच्या साऱ्या साथीदारांसह त्याने चरण उचलला. "दिशा गुरूची कृपा झाली, म्हणून उत्तर आलं ओठी!" शक्तीवाल्यांच्या तोंडी तुरेवाल्यांच्या गुरूचं नाव! असं त्या अंगणात कुणी ऐकलं नव्हतं. एकदा म्हणून भागलं नाही, साथीदारांनी तीनदा घोळवलं.

पंच दिशाकडे वळले. "बाय, आमाला ह्यातलं काय कळत नाय. तूच सांग, उत्तर बराबर काय?"

निलेशने ढोलकीआडून तिच्या पदराला हिसका दिला. "चूक म्हन," तो दात आवळून पुटपुटला. "कुनाला कळतंय हितं? फेटा जाईल गो!"

दिशाने पदर सोडवून घेतला. समोर सानिका बोटं ओठांवर दाबून उभी होती. तिला बारीशी काही देणंघेणं नव्हतं. ती वर्गात उभी राहायची तशीच उभी होती, बाई काय म्हणतात याची वाट बघत. इतका अभिमान दिशाला स्वतःच्या पदवीचाही वाटला नव्हता. तिने डोक्यावरचा फेटा काढला आणि अंगण ओलांडून पलीकडे गेली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली, "सगळं बरोबर हाय! आकडे बी आणि नाव बी. आम्ही हरलो."

आणि तो फेटा तिने सानिकाच्या डोक्यावर ठेवला.

वरच्या वाडीला काय करावं कळेना. पहिली टाळी वाजली ती खालच्या वाडीकडून. आप्पांनी वाजवली होती, उभं राहून.