मागची बाजू कुणाची

मिस्त्रींच्या पोटात दुखत होतं आणि ते लपवण्याइतके ते हुशारही नव्हते. लेकीच्या लग्नाला चार महिने झाले होते. जावई निर्व्यसनी होता, सासूला भाजी निवडू लागायचा, त्याबद्दल त्यांची काडीची तक्रार नव्हती. पण या गृहस्थाला लेकीच्या गाडीखाली शिरायचं काय अडलं होतं?

बारा वर्षं तिच्या शर्यतीच्या गाडीला मिस्त्रींखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. फेरी संपवून आली की गाडीचं काय बिनसलंय ते हेल्मेट काढता काढताच ती सांगायची, आणि मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली आडवे. आता ती तेच नवऱ्याला सांगत होती. तो आधी वही काढायचा, आकडे लिहायचा, आणि मग सासऱ्याकडे बघून विचारायचा, मी एक सुचवू का? या नम्रपणानं तर मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेला उद्धट असता तर चार शब्द सुनावता तरी आले असते!

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी सरावासाठी ट्रॅक मिळाला, आणि सकाळीच जावयानं मागच्या आडव्या बारला हात घातला. हा बार वळणावर गाडीला एका बाजूला झुकू देत नाही. त्याच्या टोकाला तीन होल असतात. बारला चाकाशी जोडणारी लिंक आतल्या होलात लावली की बार कडक, बाहेरच्या होलात लावली की मऊ. मिस्त्री आजवर मधलं होल वापरत. जावयानं आतलं धरलं, म्हणजे वळणात गाडीची मागची बाजू चटकन फिरेल. लेक म्हणाली, आज वेळ सुधारली तर यापुढं मागची बाजू याच्याकडेच, बाबांनी आता जरा आराम करावा.

आराम! मिस्त्रींना तो शब्द शिवीसारखा झोंबला.

दोघं चहाला गेली तसे मिस्त्री गाडीखाली शिरले. दोन्ही बाजूंच्या लिंक काढून त्यांनी बाहेरच्या होलात लावल्या. एवढ्या जळफळाटातही बापपण सुटलं नव्हतं. मऊ बारनं गाडी गिरकी घेत नाही, फक्त वळणात सुस्तावते. लेकीच्या केसालाही धक्का लागणार नाही, वेळेचं मात्र मातेरं होईल, आणि जावईबापू वहीत तोंड खुपसून बसतील. बोल्ट आवळताना त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

लेक निघाली. मिस्त्री स्टॉपवॉच घेऊन कठड्याशी उभे राहिले. पहिल्याच वळणातून बाहेर पडताना तिनं नेहमीपेक्षा कितीतरी आधी ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडी सरळ सुटली. तेव्हाच मिस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रॅक तिथं खडबडीत होता. मधल्या होलातही बार जास्तच कडक पडायचा, त्यामुळं आतलं चाक उचललं जायचं आणि हवेत नुसतं फिरायचं. आता दोन्ही चाकं जमिनीला धरून होती. बारा वर्षं त्यांचंच चुकत आलं होतं. आजवरची सगळ्यात चांगली वेळ होती एक मिनिट बेचाळीस सेकंद. स्टॉपवॉच थांबलं एक चाळीसवर.

लेक उतरली ती थेट नवऱ्याच्या गळ्यात पडली. मिस्त्री बघत राहिले. आपल्याच कामाचं कौतुक दुसऱ्याच्या पदरात पडताना बघून त्यांचा जीव नुसता तळमळला.

जावई मात्र गोंधळला होता. गाडी अशी का पळाली ते त्याच्या आकड्यांत बसेना. तो खाली शिरला आणि पाठीला ग्रीस फासून बाहेर आला.

"हे मी केलेलं नाही," तो म्हणाला. "बाबांनी केलंय."

लेक गर्रकन वळली. चार महिन्यांत तिनं बापाकडे असं पाहिलं नव्हतं. "बाबा! कसं कळलं तुम्हाला?"

आता फक्त 'अनुभव' म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही. जावयानं वही उघडली होती आणि तो पेन धरून ऐकत होता, एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखा. मिस्त्रींना ते सहन होईना.

"मला काही कळलं नव्हतं," ते म्हणाले. "तू हळू जावीस म्हणून केलं."

जावयानं वही मिटली. लेक रागावली असती तर मिस्त्रींनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. तिनं हेल्मेट पुन्हा चढवलं, पट्टा लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "निघायच्या आधी सगळे बोल्ट तू एकदा तपासून घे."