बाबा हंगामाला आला

"अगं, दोन स्क्रू पिळायचेत. रॉकेट नाही सोडायचंय," बाबा म्हणाला आणि आपल्या लाल स्की त्याने धाडकन माझ्या काउंटरवर ठेवल्या.

त्याच्या मागे रांग दारापर्यंत गेली होती. फेब्रुवारीतली जोडून आलेली सुट्टी, वर भरपूर ताजं बर्फ, आणि लार्च बेसिन या स्कीच्या डोंगरावरच्या, स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात आम्ही चौघंच. पाचव्याने आदल्या दिवशी मनगट मोडून घेतलं आणि त्याच्या बदली माझी सुट्टी गेली. ती सुट्टी मी कधीपासून मागून ठेवली होती. बाबा नॉर्थ डकोटाहून गाडी हाकत येणार होता आणि मी मोंटानात कामाला आल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं एकत्र उतार उतरणार होतो. आता तो काउंटरच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला.

"बाबा, या बाइंडिंगला मी हात लावू शकत नाही."

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडून देणारी पकड. बाबाचे जुने बूट या हिवाळ्यात तडकले होते. चर्चच्या जुन्या बाजारातून त्याने दुसरे उचलले, ते लांबीला कमी, म्हणून पकड सरकवायला हवी होती. पण ती पकड माझ्या वयाची. बनवणाऱ्यांनी तिची जबाबदारी केव्हाच झटकली होती, आणि अशा जुन्या मालाला दुकानातल्या कुणी स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही असा नियम होता. लावला तर नोकरी जाणार. नोकरीबरोबर कामगारांच्या घरातली खाटही जाणार, आणि या डोंगराखालच्या गावात नोकरी एकवेळ मिळते, खाट मिळत नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शाळेत होतीस तेव्हा तूच पिळायचीस की हे."

"तेव्हा मी तुझ्या गॅरेजमध्ये होते."

"आणि आता मोठी सर्जन झालीस."

रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. माझे कान तापले. तेवढ्यात आमची मॅनेजर शेल्बी आली.

"काका, तुम्हाला नवी जोडी देते. फुकट. ब्रिटाचे बाबा तुम्ही."

"भाड्याच्या स्कीवर? मी?"

"भाड्याच्या कुठे, फुकटच्या."

"मग तर त्याहून वाईट."

आणि हे बोलणारा कोण? ज्याने आम्हा भावंडांना जन्मभर फुकटात जे जे मिळेल त्यावर डोंगर दाखवला तो! मोटेल कधी नाही, गाडीतच झोपायचं. उकडलेली अंडी, पीनट बटरची सँडविचं, थर्मासात सूप. वरच्या हॉटेलात फक्त मोजे वाळवायला बसायचं, आणि वेटर आला की उठायचं. डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्टचं तिकीट दुपारचं, कारण सकाळी बर्फ कडक असतं, असं तो आम्हाला सांगायचा. इथे कामाला लागल्यावर मला कळलं की सकाळचं बर्फच सगळ्यात छान असतं, फक्त दुपारचं तिकीट स्वस्त असतं.

सल्ले मात्र त्याचे खरे निघायचे. मी पहिल्या हंगामाला निघाले तेव्हा म्हणाला होता, "दुकानात काम धर. लिफ्टवर उभी राहशील तर गारठशील, हॉटेलात लागलीस तर डोंगर फक्त खिडकीतून दिसेल." मी त्याचं ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र मला डोंगर खिडकीतूनसुद्धा दिसत नव्हता, रांगेतल्या टोप्या आडव्या येत होत्या.

बाबाने स्की खांद्यावर टाकल्या आणि निघून गेला. थोड्या वेळाने बाहेरून आलेला एक सहकारी म्हणाला, "तुझा बाप पार्किंगमध्ये बसलाय. गुडघ्यात स्की धरून काहीतरी ठोकतोय."

मी कुणाच्या तरी लेकराच्या पायात बूट कोंबत होते. लेकरू रडत होतं, त्याची आई मला नंबर चुकलाय म्हणून सुनावत होती. मला उठून पळत जावंसं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं.

जेवायची सुट्टी झाली तेव्हा लिफ्टवरची एक मैत्रीण दारात येऊन सांगून गेली, "लाल स्कीवाले तुझेच ना? एकच स्की राहिलीय. तिसऱ्या लिफ्टखाली झाडीत खणत बसलेत."

सँडविच तसंच खिशात घालून मी वर गेले.

बाबा कमरेइतक्या बर्फात उभा होता. हातातल्या काठीने भोसकत होता, दोन पावलं सरकत होता, पुन्हा भोसकत होता. दाढी पांढरी झाली होती आणि चेहरा लालबुंद.

"पडलास?"

"नाही. एका उंचवट्यावर स्की आपोआप सुटली."

"मग?"

"मग पडलो."

"पाय मोडला असता तर? सुटली म्हणून वाचलास. सुटली नसती तर गुडघा गेला असता!"

"ओरडू नकोस. शोध."

मी माझ्या स्की काढल्या आणि शोधायला लागले. "खाली काय शोधतोयस? माणूस घसरत पुढे जातो, स्की मागेच राहते. वर शोध."

"हे मीच तुला शिकवलंय."

"मग तसं कर ना!"

आम्ही वर सरकलो. कोरडं, पिठासारखं बर्फ. खणलं की भसकन परत भरायचं. हातमोज्यांच्या आत पाणी शिरलं. मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सकाळी इथल्या ऑफिसात जाऊन आलो."

"माझी तक्रार करायला?"

"काम मागायला. पार्किंगमध्ये माणूस हवाय त्यांना."

माझी काठी हातातच राहिली. "तुझं दुकान?" तो आमच्या मायनॉट गावातल्या एका हार्डवेअर दुकानात उभा जन्म काउंटरवर होता.

"बंद केलं मालकाने. नाताळच्या आधी."

"आईला माहितीय तू काम मागतोयस ते?"

"तिनेच धाडलं. म्हणाली, दिवसभर घरात माझ्यामागे सल्ले देत फिरू नकोस, जा कुठेतरी."

मला हसू यायला हवं होतं, किंवा मायेने त्याला जवळ घ्यायला हवं होतं. मला फक्त राग आला. मला न विचारता? या गावात मी कुणाची मुलगी नव्हते, नुसती ब्रिटा होते. आणि आता हा इथे पार्किंगवाल्यांचं नारिंगी जाकीट घालून उभा राहणार!

"झोपणार कुठे? इथे गाडीत झोपू देत नाहीत."

"चर्चच्या मागे देतात. विचारून आलो."

"म्हणजे सगळं ठरवूनच आलायस. स्की हे निमित्त."

"नाही गं," तो म्हणाला. "स्की खरंच नीट करून हव्या होत्या."

मी खिशातलं सँडविच काढलं, अर्धं त्याला दिलं, अर्धं मी खाल्लं. चपटं आणि गार होतं. स्की काही सापडली नाही.

तो एका स्कीवर खाली आला. चांगला नाही आला. दर वळणाला आपटत, शिव्या घालत, आणि मी हात पुढे केला की तो झिडकारत. दुकानात मी इतकी उशिरा पोचले की शेल्बी नुसती घड्याळाकडे बघून आत निघून गेली. दुपारी बाबा आला आणि तिच्याकडून मुकाट्याने नवी जोडी घेऊन गेला. संध्याकाळी परत देताना "बऱ्या आहेत" म्हणाला, तेही तिला. मला नाही.

काम त्याला मिळालं. त्याची सुट्टी सोमवारची, माझी गुरुवारची. शेल्बीकडे आणि पार्किंगच्या मुख्याकडे मी ती बदलून मागितली. तिने बघू म्हटलं, त्याने तेवढंही म्हटलं नाही.

मार्चमध्ये पार्किंगचा मुख्य माझ्या काउंटरवर आला. "तुझ्या बापाला जरा समजाव. येणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगतो, वर बर्गर घेऊ नका, ब्रेड आणा. दुपारी या, तिकीट अर्धं. बूट गावातून भाड्याने घ्या, इथे महाग."

"मी सांगून बघते," मी म्हटलं. ते ऐकून शेल्बीच हसली.

मी खाली गेले. बाबा एका गाडीच्या खिडकीत अर्धा आत वाकला होता. आतलं अख्खं कुटुंब माना डोलावत होतं, आणि मागे गाड्यांची ही एवढी रांग भोंगे वाजवत होती.

"बाबा, पुरे कर. मला बोलणी बसतायत तुझ्यामुळे."

"मोज्यांचं सांगतो तेवढं," तो म्हणाला. "दोन-दोन घातलेत लेकरांना. पाय गारठतील. एकच हवा, पातळ." आणि हाताने मला बाजूला सारत म्हणाला, "सरक गं, मागे गाड्या थांबल्यात."